तुझा प्रयोग, माझा प्रयोग

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. पोचल्याचं लगेच कळव असं मामीनं तीनतीनदा बजावलं होतं, आणि मी बॅग खोलीवर टाकून थेट प्रयोगशाळेत शिरले ती आत्ता बाहेर येते आहे. सुखरूप आहे, वेळेवर जेवते आहे आणि तिनं दिलेली माकडटोपी घालते आहे, एवढं तिला सांग. टोपी घातली की इथे सगळे विचारतात, चंद्रावर कधी निघालीस. ते मात्र सांगू नकोस.

तुझ्या नाटकाबद्दल बोलायचं राहूनच गेलं, आपण निघायच्या गडबडीत होतो. मला फार आवडलं. दुसऱ्या अंकातला गच्चीवरचा प्रवेश तर अजून डोळ्यांसमोर आहे. भल्या पहाटे ती बाई कपडे वाळत घालता घालता भावाशी भांडते, गारठ्यानं एकेक पाय उचलते आणि सगळीकडे तो निळा, गोठलेला उजेड! मी बसल्या जागी स्वेटरची बटणं लावली. अशा थंडीत कपडे वाळत घालण्याचा हट्ट बघून मला आपली आईच आठवली. तुझ्या दिव्यांची कमाल आहे, मामा.

तू विचारलं होतंस की सोन्याचं पाणी करून विजेचा काय उद्योग चालवला आहे. तर ऐक. सोन्याचा एक क्षार पाण्यात उकळायचा आणि त्यात लिंबाच्या आम्लापासून केलेल्या दुसऱ्या क्षाराचे थेंब टाकायचे. फिकट पिवळं पाणी आधी बिनरंगी होतं, मग शाईसारखं काळपट, आणि बघता बघता डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. ते लाल म्हणजे सोनंच, पण कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारोंची रांग मावेल. उजेड पडला की त्या कणांतले इलेक्ट्रॉन सगळे मिळून हेलकावे खातात, आणि त्यातले काही उडाणटप्पू काठ ओलांडून शेजारी काचेवर लावलेल्या पांढऱ्या थरात उडी मारतात. उडी मारली की वीज वाहिली. किती वाहिली म्हणशील तर काजव्यालाही हसू येईल इतकी. पण तीच मोजायची आहे मला.

परवा आई शेजारणीला म्हणाली की मुलीचा मोठा प्रयोग आहे, तर शेजारीण म्हणे, किती वाजता, आणि पास मिळतील का! आपल्या दोघांच्या धंद्याला एकच शब्द, काय करायचं. तुझा प्रयोग पडला तर लोक खोकतात, माझा पडला तर मला भांडी घासावी लागतात.

सोबत दोन बाटल्या पाठवते आहे, मोज्यांत गुंडाळून. मोजे धुतलेले आहेत. एकीतलं सोनं जसं हवं तसं जमलेलं आहे. दुसरीतलं बिघडलेलं, कारण मी भांडं घाईत नळाच्या पाण्यानं विसळलं आणि त्यातल्या क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटले. गट्टी जमली की त्यांचा रंग बदलतो. कुठली बिघडलेली ते लिहीत नाही. रंगांच्या बादशहाला ते माझ्यासारखीनं काय सांगायचं! ओळख आणि कळव.

मामीस सा. न. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठिणगी

ता. १२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, बाटल्या पोचल्या, मोजेही पोचले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तुझ्या मामीनं ते शिवायला घेतलं आहे आणि शिवता शिवता तुझ्या आईला नावं ठेवते आहे. माझ्या बहिणीला नावं ठेवायची संधी ती कधी सोडत नाही.

आता भांडणाचं बोलू. अगं, कसली पहाट आणि कसली थंडी? तो प्रवेश भर दुपारचा आहे, ऐन उन्हाळ्यातला! गच्ची तापली आहे, पाय भाजतात म्हणून ती बाई एकेक पाय उचलते. गारठ्यानं म्हणे! प्रवासाचा शीण होता, तुला डुलकी लागली आणि स्वप्नात पहाट झाली, कबूल कर. थट्टा राहू दे, पण जरा लागलं मला. उभा जन्म दिवे लावण्यात गेला, ठिणगे. दुपार कशी करायची हे मला सांगणारा अजून जन्माला यायचा आहे.

आणि बाटल्यांचं म्हणशील तर मामाची फिरकी घ्यायला तू अजून लहान आहेस. खिडकीत ठेवून पाहिल्या, दिव्यासमोर धरल्या, उलट्यासुलट्या केल्या. दोन्ही एकाच भांड्यातल्या. कोरा चहा जास्त उकळला की होतो तसला तांबूस रंग, दोन्हीत तोच. डोळ्यांत धूळ फेकायला निघालीस, पण मी तुझ्या आईचा भाऊ आहे. हिला दाखवल्या तर ही भाजी चिरायला आत निघून गेली. हिला विज्ञानाची आवड नाही.

इकडे एक नवंच खूळ निघालं आहे. दिग्दर्शक म्हणतो, पुढच्या नाटकाला हाताखाली एक तरुण प्रकाशवाला घ्या, तुमच्या डोळ्यांना तेवढाच आराम. नाटक बसवता येईना आणि म्हणे उजेड वाकडा! मी सांगितलं, त्याला आणाल त्या दिवशी मी दिव्यांवर लावायच्या रंगीत जिलेटिन कागदांची माझी पेटी उचलून घरी जाईन. मग त्यानं चहा मागवला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईही तशाच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, आता थांबू नका, असा धोशा लावला आहे. तुझ्या आजोबांचं काय झालं ते तू ऐकलं आहेस. डोळ्याला पट्टी बांधून हसत घरी आले, आणि पट्टी निघाली तेव्हा त्या डोळ्यात अंधार. शेवटपर्यंत डाव्या बाजूची भिंत चाचपडत चालले. मी तेव्हा त्यांचा हात धरायचो. माझे डोळे हेच माझं पोट, बाळ. आहेत ते बरे आहेत. थोडं धूसर दिसतं, एवढंच. शिवाय हल्लीचे बल्बच मेले टुकार निघतात, घरातले सगळे बदलून झाले.

तुझ्या काजव्याला हसवणाऱ्या विजेचं पुढे काय झालं ते कळव. तुझ्या सरांना नमस्कार.

आशीर्वाद भरपूर आहेत, लागतील तसे वापर.

तुझा,
मामा

ता. १९ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावानं पाठवते आहे. मामा थिएटरात असेल तेव्हा वाच.

मामी, त्या दोन बाटल्यांमधली एक लालभडक आहे आणि दुसरी जांभळी. दारातून येणारा माणूससुद्धा लांबून सांगेल इतकी जांभळी. मामानं लिहिलं आहे की दोन्ही सारख्याच. मी पत्र वाचून आधी हसले, आणि मग पुन्हा वाचलं.

लहानपणी त्यानं मला त्याच्या पेटीतला अंबर, म्हणजे मधासारख्या पिवळ्या रंगाचा जिलेटिन कागद दिला होता, तो मी अजून पुस्तकात खूण म्हणून घालते. तो डोळ्यासमोर धरून मी माझ्याकडच्या तशाच दोन बाटल्या पाहिल्या. दोन्ही सारख्या दिसल्या, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारख्या! पिवळा कागद निळा उजेड अडवतो, आणि निळा वजा झाला की जांभळं ते तांबूसच दिसणार. मोतीबिंदू पिकत गेला की डोळ्यातलं भिंग तसंच पिवळं होत जातं. म्हणजे मामा तो कागद सदानकदा डोळ्यांत घालून बसला आहे. मग दुपार करताना त्याला ती पिवळीजर्द दिसत असणार, म्हणून तो निळा वाढवत गेला, वाढवत गेला, तिच्या डोळ्यांना बरी दिसेपर्यंत. म्हणजे त्याच्या डोळ्यांना. बघ, मला धड लिहिताही येत नाही. मला डुलकी लागली नव्हती, मामी. ती खरंच पहाट होती.

तुला हे माहीत आहे का? त्याला सांगायचं कसं?

माझंही इथे बरं चाललेलं नाही. दिवा लावला की माझ्या काचेतून वीज वाहते, सर खूश आहेत, त्यांनी मोठ्या परिषदेत तसं सांगूनही टाकलं. पण हा प्रवाह हळूहळू चढतो आणि दिवा मालवला की हळूहळू उतरतो. इलेक्ट्रॉनांनी उजेडामुळे उडी मारली असती तर ती दिवा लागताक्षणी मारली असती. हे तर तवा तापावा तसं चाललं आहे. मी उजेडाची वीज मोजते आहे की दिव्याच्या उबेची, असा माझा मलाच संशय येतो. सरांना अजून बोललेली नाही. जीभ रेटत नाही.

उत्तर लवकर दे.

तुझी लाडकी (तूच म्हणतेस),
ठिणगी

ता. २६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

अगं, माहीत नसायला मी काय आंधळी आहे? काळा म्हणून ह्यांनी मला जांभळा स्वेटर आणला तेव्हाच मी काय ते समजले. काळा स्वेटर छान आहे म्हणून वर्षभर तोच घालून मिरवते आहे.

थिएटरात तर सगळ्यांना माहीत आहे. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन बोलले. रंगभूषावाली बाई सगळ्यांच्या गालांवर जास्तीची लाली चढवते, नाहीतर म्हणे त्या दुपारी माणसं मेल्यासारखी दिसतात. गच्चीवर काम करणारी ती नटी प्रवेश संपला की विंगेत ह्यांना सांगते, आज काय ऊन होतं! सगळे सांभाळून घेतात गं. ह्यांनी त्या लोकांसाठी कमी का केलं आहे? नवीन माणूस घाबरून उभा राहिला की हे त्याला हात धरून उजेडात कसं उभं राहायचं ते दाखवायचे. आता ती माणसं ह्यांना धरून आहेत.

म्हणून तुला हात जोडून सांगते, तू काही बोलू नकोस. दिवे हे ह्यांचं सर्वस्व. कळलं तर माणूस मनानं खचेल, जेवणार नाही. ऑपरेशनचं मी गोड बोलून कधीतरी जमवीन. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. वय झालं की सगळ्यांनाच थोडं पिवळं दिसतं, असं समज.

पण तुझ्या सरांचं मात्र सांगून टाक बाई. विजेशी खेळ, तिथे खोटं चालायचं नाही. मोजा शिवून पाठवते आहे.

जशी आहेस तशीच राहा, फक्त थोडी जाड हो.

तुझी,
मामी

ता. ४ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जे येईल ते पाठवणार आहे.

आधी माझं सांगते. काल मी सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं की सर, आपण परिषदेत सांगितलेली वीज बरीचशी उबेची असावी, उजेडाची नसावी. सरांनी आलेख पुढ्यात ओढला. नंतर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की तुम्ही जा. मी जिन्यात बसून रडले. आज सकाळी त्यांनी बोलावलं आणि विचारलं, हे कधीपासून वाटत होतं. मी म्हटलं, बरेच दिवस. तर म्हणाले, मग मला बरेच दिवस मूर्ख का राहू दिलंत? रागावून नाही, मामा. दुखावून. रागावले असते तर परवडलं असतं.

त्यांचं ते वाक्य ऐकलं आणि मला तूच समोर दिसलास.

मामा, मला नाटकात डुलकी लागली नव्हती. आणि बाटल्या सारख्या नाहीत. एक लाल आहे आणि एक जांभळी. सोबत तुझाच अंबर कागद पाठवते आहे, तू मला दिलेला. माझं ऐकू नकोस, स्वतः करून बघ. तो कागद डोळ्यांसमोर धरून बाटल्या बघ, मग कागद काढून बघ. मला कागदातून दोन्ही सारख्या दिसतात, आणि कागद काढला की वेगळ्या. तुला कागद धरला काय आणि काढला काय, काही फरक पडणार नाही असं मला वाटतं. तसं झालं तर तो कागद आधीच तुझ्या डोळ्यांत आहे असं समज. तुझं कसब होतं तिथेच आहे. तुला जी दुपार दिसते ती तू अगदी बरोबर लावतोस. फक्त ती आम्हाला दिसत नाही.

मी चुकले असेन तर मला बोल, शिव्या दे, पुढच्या वेळी दार उघडू नकोस. पण माझं चुकलेलं नसेल, तर डॉक्टरीणबाईंकडे जा. आजोबांची भीती मला कळते. तेव्हाची हत्यारं वेगळी होती, आता ती राहिली नाहीत, हेही मी इथल्या दोन डॉक्टरांना विचारून घेतलं. शंभर टक्के कोणीच सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण काही केलं नाहीस तर पुढे काय होईल ते मात्र नक्की सांगता येतं.

माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. हे मी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते. तुझा एक प्रयोग बघूनच मी शाळेत असताना आईला विचारलं होतं की उजेड कशाचा असतो. त्या प्रश्नातून मी अजून बाहेर आलेली नाही.

मामीवर रागावू नकोस. आणि माझ्यावर रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
ठिणगी

ता. १३ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

सांगू नकोस म्हटलं होतं ना? पण तू कसली ऐकतेस. नाव तुझं उगाच पडलेलं नाही.

पत्र वाचून ह्यांनी घडी करून बाटलीखाली ठेवलं. मग कागद घेऊन खिडकीत बसले. धरला, काढला, पुन्हा धरला, पुन्हा काढला. मी स्वयंपाकघरातून बघत होते, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग मला हाक मारली आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, तू बघ. मी बघितलं. कागद काढला आणि माझ्या तोंडून अगंबाई निघून गेलं. एवढा फरक असेल असं मलाही वाटलं नव्हतं. मग काय, सांगितलं, एक लाल, एक जांभळी. खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी आता बोलता आलं नसतं.

त्यानंतर घरात सगळं चिडीचूप. तुझ्या नावानंही बोलले नाहीत, मला तर वाटलं आता हे कायमचं. मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी उठून थिएटरात गेले ते थेट रंगभूषावालीकडे. विचारलं, लाली कधीपासून जास्त लावता. ती बिचारी कुंचला हातात घेऊन रडायलाच लागली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी आले.

आले ते मला म्हणाले, हा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे. मी म्हटलं, जांभळा. स्वेटरची बाही खिडकीच्या उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, चांगला दिसतो, आणि डॉक्टरीणबाईंची तारीख घे.

ह्या महिनाअखेर उजवा डोळा करायचा ठरला आहे. वरून काही दाखवत नाहीत, पण कालपासून घरात डोळे मिटून चालून बघताहेत. डाव्या हातानं भिंत धरून. मला ते बघवत नाही.

ह्यांना पत्र पाठव. वाट बघतात, विचारत मात्र नाहीत.

तुझी,
मामी

ता. २१ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामीकडून सगळं कळलं. मी तुला धीराच्या गोष्टी सांगणार नाही, तू त्या मला लहानपणी सांगितल्या आहेस आणि मला त्या पाठ आहेत. नुसती बातमी देते.

आम्ही सगळं नव्यानं मांडलं. दिव्यासमोर पाण्याची काचेची पेटी ठेवली, म्हणजे बरीचशी ऊब पाण्यातच अडकते. आणि पुढे फटी पाडलेली एक फिरती तबकडी लावली, म्हणजे उजेड झपझप लागतो आणि विझतो. ऊब आळशी, तिला इतक्या घाईत चढता-उतरता येत नाही. उजेडाच्या तालावर जेवढी नाचेल तेवढीच आपली वीज. सर माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले होते, हातात माझीच पेन्सिल चावत. तबकडी फिरली आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ तिच्या तालावर उडायला लागली.

आधी वाटली होती त्यापेक्षा फार थोडी आहे, मामा. पण आहे. उरलीसुरली वीज उजेडाचीच आहे. सर म्हणाले, परिषदेला चूक झाली असं कळवू, आणि ही छोटी रेघ सोबत जोडू. मग त्यांनी मला चहा पाजला आणि पेन्सिल परत दिली. ती आता कोणाला देण्यासारखी राहिलेली नाही.

पट्टी निघाली की त्याच दिवशी मामीला कळवायला सांग. चांगलं असो की वाईट, खरं काय ते कळव.

मी इथे आहे. अगदी इथेच आहे.

तुझी,
ठिणगी

ता. १८ एप्रिल

चि. ठिणगीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

पट्टी निघाल्याची तार तुझ्या मामीनं त्याच दिवशी फोनवरूनच ठोकली, तरी माझ्या हातचं पत्र राहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी इतके दिवस लिहू दिलं नाही. आज परवानगी मिळाली आणि पहिलं पत्र तुला.

पट्टी काढताना मी डोळा मिटूनच बसलो होतो. बाई म्हणाल्या, उघडा. मी म्हटलं, थांबा जरा. तुझे आजोबा समोर उभे होते. मग एकदाचा उघडला, आणि समोर बाईंचा कोट. तो पांढरा होता, ठिणगे! पांढरा म्हणजे काय असतं ते मी विसरून गेलो होतो. सगळं जग कोणीतरी धुऊन, नीळ घालून वाळत टाकल्यासारखं. मी तिथेच लहान मुलासारखा बडबडायला लागलो. मामी मला गप्प करत होती आणि स्वतःच रडत होती.

घरी येऊन आधी तुझ्या बाटल्या काढल्या. जांभळीच्या तळाशी थोडा गाळ बसला होता, जरा हलवली. डावा डोळा अजून जुनाच आहे. डाव्यानं पाहिलं तर दोन्ही कोरा चहा, उजव्यानं पाहिलं तर एक लाल, एक जांभळी. डावा, उजवा, डावा, उजवा, दुपारभर तोच खेळ. मग तुझ्या मामीकडे पाहिलं. डाव्यानं केस सोनेरी, उजव्यानं पांढरेशुभ्र! ती म्हणते, डावा डोळा करूच नका.

आता खरं सांगायचं ते. थोडं बरं वाटल्यावर मी थिएटरात गेलो आणि आमच्या लोकांना म्हटलं, माझी जुनी प्रकाशयोजना आहे तशी लावा, एक दिवा हलवू नका, मला प्रेक्षकांत बसून बघायचं आहे. कोणी हलेना. दिग्दर्शकानं खूण केली तेव्हा कुठे लागली. दुसरा अंक आला, गच्ची आली.

पहाट होती गं. हुडहुडी भरवणारी, तू म्हणालीस तशीच. त्या गारठ्यात ती पोरगी उभी होती, गालांवर लालीचे थर, आणि पाय भाजल्यासारखी एकेक पाय उचलत होती. किती प्रयोग तिनं असे केले असतील! इतक्या थंडीत उभी राहून ती उन्हात भाजायची आणि विंगेत येऊन मला म्हणायची, काय ऊन होतं. मला आवरलं नाही. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी काढायचं नाही अशी बाईंची ताकीद आहे, म्हणून दुसऱ्या डोळ्यानं रडलो.

मी कोणावर रागावलो नाही. माझ्यावर माया केली त्यांनी. पण तुझे सर म्हणाले ते माझ्याही मनात आलं, की मला इतके दिवस मूर्ख का राहू दिलंत. तू राहू दिलं नाहीस. पत्र आलं तेव्हा तुझा इतका राग आला होता की तुझी बाटली फेकून देणार होतो. बरं झालं फेकली नाही, सोन्याची आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. निळे कागद उपसून काढले, आणि आम्ही सगळे बसून दुपार लावली. रंगभूषावालीला सांगितलं, बाई, लाली पुसा. तिनं पुसली, आणि त्या पोरीचा चेहरा त्या उजेडात जिवंत माणसाचा दिसला. ती म्हणाली, खरंच गरम होतंय. ह्या वेळी खरं बोलली असावी.

दिग्दर्शकाच्या त्या तरुण प्रकाशवाल्यालाही ये म्हटलं आहे. माझ्या हाताखाली नाही, माझ्या शेजारी. दुपार चुकली आणि मला ते दिसलं नाही, तर त्यानं तोंडावर सांगायचं, एवढी एकच अट घातली आहे.

तुझी ती उरलीसुरली रेघ मला फार आवडली. तुझ्या सरांना म्हणावं, थोडी असली तरी आपली आहे, जपा. पुढच्या शनिवारी प्रयोग आहे. म्हणजे माझा. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तुझ्या नावानं ठेवली आहे. तुझ्या तबकडीला एक दिवस फिरणं बंद ठेवायला सांग.

माया आहे ती आता नीट दिसते आहे, तिला असंच डोळ्यांसमोर राहू दे.

तुझा,
मामा

ता. क. स्वेटर आणू नकोस. दुपार आहे.